नडगीवरच्या गाठी आणि पुरवणीतला कडुनिंबाचा रस

प्रति,
मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या आरोग्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारं जे सदर येतं त्यात गेल्या आठवड्यात एका ताईंनी विचारलं होतं की दोन्ही पायांच्या नडग्यांवर लाल गाठी आल्यात, हात लावू देत नाहीत, अंगात कणकण आहे, घोटे दुखतात, काय करू. उत्तर काय छापलंत, तर रक्तात उष्णता वाढली की असं होतं, सकाळी अनशापोटी कडुनिंबाचा रस घ्या, मिठाचा गरम शेक द्या, आणि तरी नाहीच उतरलं तर "मेडिकलमधून सूज उतरायची गोळी" आणा. आता ती मेडिकलवाली म्हणजे मीच आहे हो. बार्शीला माझं दुकान आहे, फार्मसी शिकलेली आहे, आणि काउंटरवर येऊन "सूज उतरायची गोळी द्या" म्हणणाऱ्याला निम्म्या वेळा नक्की कुठली गोळी पाहिजे असते ते मला चांगलंच माहितीये. त्यामुळे हे पत्र. जरा मोठं झालंय, पण कापायचं असेल तर शेवटून कापू नका, महत्त्वाचं मधेमधे पसरलंय.

त्या ताईंनी जे लिहिलं होतं त्यावरून सगळ्यात आधी डोक्यात येतं ते एरिथेमा नोडोसम. मी डॉक्टर नाही आणि पेपरात वाचून निदान करायचं नसतं हेही कबूल, पण दोन्ही नडग्या, दुखऱ्या गाठी, कणकण, घोटेदुखी एवढं एकत्र आल्यावर कुठल्याही स्किनच्या डॉक्टरच्या तोंडी पहिलं नाव हेच येईल. नाव अवघड असलं तरी आजार काही नवा नाही, १७९८ साली लंडनच्या रॉबर्ट विलन नावाच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलेलं आहे. वीस ते चाळीस वयाच्या बायकांना जास्त होतो, पुरुषांच्या तिप्पट ते सहापट. म्हणजे नेमकं त्या वयात जेव्हा घरातलं, शेतातलं, नोकरीतलं सगळं उभ्यानेच करायचं असतं.

होतं काय तर कातडीच्या खाली जी चरबी असते तिच्यात मोसंबीच्या फोडींमधे असतात तसे पातळ पडदे असतात, त्या पडद्यांना सूज येते. बस्स. गाठीमधे जंतू नसतात, पू नसतो, त्यामुळे तिला तोंड येत नाही, ती फुटत नाही. लोक गळू समजून मलम लावत बसतात, कुणी सुईने टोचायला जातं, कुणी पोटीस बांधतं, आणि मग जे टोचलं तिथे खरंच जंतू शिरतात. टोचू नका, चोळू नका, तेल लावून मालिश तर अजिबात नको.

ओळखायची कशी ते जरा नीट सांगते कारण गूगलवर शोधलं तर सगळे फोटो गोऱ्या पायांचे येतात, त्यावर लालभडक ठिपके, आणि आपल्याकडची बाई स्वतःच्या पायाकडे बघून म्हणते माझं काही असं नाहीये. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. जांभळट दिसतं, तांबूस-तपकिरी दिसतं, कधीकधी नुसती काळसर छाया. म्हणून डोळ्यांपेक्षा हाताने बघा. तळवा नडगीवरून हलकेच फिरवला की गाठ लागते, साधारण एक ते पाच सेंटीमीटरची, कडा नीट कळत नाहीत, आजूबाजूपेक्षा गरम लागते, आणि हात लागताच माणूस पाय मागे घेतो. रात्री चादर लागली तरी दुखतं म्हणतात. बहुतेक वेळा दोन्ही पायांवर, गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला, कधी मांडीवर किंवा हातावर पण. एकच पाय सुजलाय, लाली पसरत चाललीय, थंडी वाजून ताप येतोय तर ते दुसरं काहीतरी असू शकतं, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं धावरं म्हणतात तसं इन्फेक्शन, त्यात अँटिबायोटिक लवकर लागतं. आणि एकाच पायाची अख्खी पोटरी टम्म होऊन दुखायला लागली तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, तिथे वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी दवाखाना.

अजून एक खूण म्हणजे रंग बदलतो. मध्यंतरी एक शाळेतल्या बाई दुकानात आल्या, मोजा खाली सरकवून पाय स्टुलावर ठेवला, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटला होता आणि त्याच्या वर एका नडगीवर तीन रंग एकाच वेळी होते, सगळ्यात नवी गाठ लाल आणि तापलेली, तिच्या शेजारची जांभळी पडलेली, आणि गुडघ्याच्या जवळची पिवळट हिरवी, मुकामार लागून आठवडा झाल्यावर दिसतं तसं. त्यांच्या सासूबाई बरोबर होत्या, त्यांचं म्हणणं वर्गात बाकड्याला धडकली असेल. आणि बाई मला हळूच म्हणाल्या की स्टाफरूममधे सगळ्या विचारतायत घरी सगळं ठीक आहे ना. म्हणजे बघा, दुखणं एकीकडे आणि ही कुजबूज एकीकडे. मार लागल्यासारखं दिसतं, पण मार लागलेला नसतो, आणि जुन्या गाठी उतरत असताना नव्या येतात म्हणून रंगांची ही सरमिसळ. गाठ दबून गेली तरी काळसर डाग काही आठवडे, कधी काही महिने राहतो. व्रण मात्र राहत नाही, खड्डा पडत नाही. गाठ फुटून जखम झाली असेल तर हा आजार नव्हे असंच समजून परत दाखवायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गाठ म्हणजे शरीराने कशाला तरी दिलेलं उत्तर असतं, आणि ते "कशाला" हे शोधणं हेच खरं काम आहे. तुमच्या सदरात ते एका शब्दानेही आलं नाही. कारणं पुष्कळ आहेत आणि खरं सांगायचं तर साधारण निम्म्या लोकांत सगळ्या टेस्ट करूनही काहीच सापडत नाही, गाठी आल्या तशा जातात. पण ज्यांच्यात सापडतं त्यांच्यात सापडणं गरजेचं असतं.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते घशाचं इन्फेक्शन, स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचं. घसा दुखून बरा होतो, माणूस विसरून जातो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायावर गाठी. म्हणून त्या शिक्षिका बाईंना डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की महिन्याभरात घसा दुखला होता का. दुखला होता, शाळेत गॅदरिंग होतं, आवाज बसला म्हणून दोन दिवस गोळ्या खाऊन सोडून दिल्या होत्या. रक्तात ए.एस.ओ. (या स्ट्रेप्टोकॉकसचं इन्फेक्शन होऊन गेलंय का ते सांगणारी टेस्ट) वाढलेला निघाला, छातीचा फोटो स्वच्छ. घशात अजून इन्फेक्शन होतं त्यामुळे अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स, बाकी दुखण्यावर गोळी आणि आराम. महिना-सव्वा महिन्यात पाय मोकळे झाले. ए.एस.ओ. एकदा बघून भागत नाही कधीकधी, दोन ते चार आठवड्यांनी परत करायला सांगतात, तेव्हा "डॉक्टर उगाच टेस्ट लावतात" असं लगेच म्हणू नका. हां, मात्र घशात काही नसताना नुसत्या गाठी आहेत म्हणून अँटिबायोटिक खाण्यात काहीही अर्थ नाही.

दुसरं कारण टीबी, आणि आपल्याकडे हे विसरून चालतच नाही कारण जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. टीबीचा जंतू पहिल्यांदा शरीरात शिरल्यावर काही आठवड्यांनी, खोकला नाही की ताप नाही अशा अवस्थेत सुद्धा, पायावर अशा गाठी येऊ शकतात. लहान मुलात तर हे फार लक्षात ठेवण्यासारखं आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या सात वर्षांच्या मुलाला अशा गाठी आल्या, मुलांच्या डॉक्टरांनी मुलाला तपासलंच पण लगेच विचारलं घरात खोकणारं कोण आहे. आजोबा होते. बरेच दिवस खोकत होते, तंबाखूचा खोकला म्हणून कुणी लक्ष देत नव्हतं. थुंकीत टीबी निघाला. म्हणजे नातवाच्या नडगीने आजोबांचा आजार सांगितला. अशा वेळी सगळ्या घराची तपासणी होते, पाच वर्षांखालची पोरं घरात असतील तर त्यांना टीबी होऊ नये म्हणून औषध देतात. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात फुकट, वर पोषणासाठी खात्यावर महिन्याला १००० रुपये येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवले. हे लोकांना माहितीच नसतं.

इथेच ती "सूज उतरायची गोळी" आडवी येते. मी सरळ लिहिते, काउंटरवर त्या नावाखाली जे मागितलं जातं आणि खूप ठिकाणी विकलंही जातं ते स्टिरॉइड असतं. बेटामेथासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन. बारकुशी गोळी, स्वस्त, आणि दोन दिवसात असा काही फरक पडतो की माणूस दुकानदाराला डॉक्टरपेक्षा हुशार समजायला लागतो. गाठ दबते, घोटे मोकळे होतात, भूकसुद्धा लागते. पण आत टीबी असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. शिवाय स्टिरॉइड चालू असताना मँटू टेस्ट (टीबीसाठी हातावर सुई टोचून करतात ती) खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे पुढे डॉक्टरकडे गेलात तरी रिपोर्ट फसवणार. गोळी थांबवली की गाठी परत, मग परत गोळी, असं चक्र चालू होतं आणि तोंड सुजायला लागलं, साखर वाढायला लागली की मग माणूस शहरात जातो. स्टिरॉइड शेड्यूल एच मधे आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात हे माझ्या व्यवसायबंधूंना मी सांगायची गरज नाही, सगळ्यांच्या भिंतीवर लायसन्स लटकलेलं आहे. टीबीची औषधं तर शेड्यूल एच-वन मधे, त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. तेवढी काळजी टीबी झाकणाऱ्या गोळीबद्दल का नाही?

स्टिरॉइड वाईटच असं मी म्हणत नाहीये, इन्फेक्शन नाही याची खात्री करून, दुखणं फारच असेल तर स्किनचे डॉक्टर स्वतः थोडे दिवस देतात. आधी तपासणी आणि मग गोळी, एवढाच माझा हट्ट आहे.

तपासणी पण काही हजारो रुपयांची नाही. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), ई.एस.आर. आणि सी.आर.पी. (अंगात सूज किती ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्ट), ए.एस.ओ., छातीचा फोटो, मँटू टेस्ट, आणि बाळंतपणाच्या वयाची बाई असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट, कारण दिवस गेलेले असताना पण या गाठी येतात आणि शिवाय कुठली औषधं चालतील ते त्यावर ठरतं. बहुतेकांना एवढं पुरतं. आपल्याकडे उलटंच होतं, घोटे दुखतात म्हटलं की आधी चिकनगुनिया, मग युरिक अ‍ॅसिड, मग आर.ए. फॅक्टर (सांधेवाताची टेस्ट), पैसे तिकडे खर्च होतात आणि छातीचा फोटो राहून जातो. मँटू पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरूनही जाऊ नका, आपल्याकडे खूप जणांच्या शरीरात झोपलेला टीबी असतो, नुसत्या तेवढ्यावर कुणी कोर्स चालू करत नाही. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) सगळ्यांना लागत नाही, गाठी वेगळ्याच जागी असतील, फुटत असतील, सहा-आठ आठवड्यांनंतरही जात नसतील तर लागते, आणि ती खोलवरची लागते, चरबीपर्यंतची, वरवर खरवडून उपयोग नाही.

छातीच्या फोटोवरून आठवलं, फुप्फुसाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी वाढलेल्या दिसल्या, सोबत पायावरच्या गाठी, घोटेसूज आणि ताप, तर सार्कॉइडोसिस नावाचा आजार असू शकतो. आपल्याकडे फोटोत गाठी दिसल्या की टीबी असं पटकन म्हणायची सवय आहे. हा वेगळा, आणि अशा स्वरूपात आला तर बहुतेक वेळा आपोआप मावळणारा. टीबीचा कोर्स चालू करायच्या आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

पोटाचं पण विचारायला पाहिजे. आतड्याचे जे दीर्घ आजार असतात, अल्सरेटिव्ह कोलायटिस, क्रोन्स, त्यांचं दुखणं उसळलं की पायावर गाठी येतात. संडासवाटे रक्त पडतंय, सारखी जुलाब-आव होतेय, आणि आपण मूळव्याध म्हणून झाडपाला खात बसलोय, लाजेने कुणाला सांगत नाही, अशी माणसं मी रोज बघते. सांगा. कारण त्यांना आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी दिली तर आतडं अजून चिडू शकतं.

आणि बायकांनो, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यामुळे पण हे होतं. सासू बरोबर आहे म्हणून गप्प बसू नका, पाहिजे तर कागदावर लिहून द्या. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तर गणपतीत आणि लग्नसराईत आम्ही ढिगाने विकतो, घेणारीला ते औषध वाटतच नाही, पण तीही हार्मोनची गोळी आहे, तीही सांगायची. सल्फाच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही. महिन्याभरात जे जे पोटात गेलं त्याच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, डॉक्टर खूश होतात.

दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत त्या सांगते. गाठी पुढे नडगीवर नसून मागे पोटरीवर असतील आणि फुटून जखमा होत असतील तर तो वेगळा आजार, त्याचं टीबीशी नातं जास्त घट्ट आहे. आणि गाठी चेहऱ्यावर, हातांवर, मांड्यांवर, अंगावर सगळीकडे येत असतील, ताप, नसा ठणकतायत, डोळे लाल, तर कुष्ठरोगातली रिअ‍ॅक्शन असू शकते. नाव जवळजवळ तेच, एरिथेमा नोडोसम लेप्रोसम, असल्याने गोंधळ होतो. ही रिअ‍ॅक्शन कुष्ठरोगाची औषधं चालू असताना येते, कधी कोर्स संपल्यावर काही वर्षांनी पण येते. लोकांना वाटतं औषधाने बिघडवलं, आणि औषध सोडून देतात. सोडायचं नसतं. तिथे उलट स्टिरॉइड लागतंच, आणि लवकर लागतं, नाहीतर नसा कायमच्या जातात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. देशपातळीवर २००५ च्या शेवटी कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं तेव्हापासून लोकांना वाटतं आजारच संपला. दहा हजारात एकापेक्षा कमी पेशंट एवढाच त्याचा अर्थ होता. नवे पेशंट देशात अजूनही वर्षाला लाखाच्या आसपास सापडतात, आणि आपल्या राज्यात चंद्रपूर, गडचिरोली, पालघर भागात तर डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

उपचाराचं म्हणाल तर कारण सापडलं तर त्याचा इलाज, आणि तोपर्यंत पाय. आराम, बसताना-झोपताना पाय उशीवर उंच, थंड पाण्याची पट्टी (गरम शेक नव्हे हो), आणि क्रेप बँडेज. बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर गुंडाळत यायचं, लोक घोट्यापासून बांधतात आणि पाऊल फुगून बसतं. शुगरचा जुना पेशंट असेल, पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर विचारल्याशिवाय आवळायचं नाही. दुखण्यासाठी नॅप्रोक्सेन किंवा इंडोमेथासिन डॉक्टर लिहून देतात, जेवल्यावर घ्यायच्या. अल्सर, किडनीचा त्रास, पोटात बाळ यात आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि पावसाळ्यात तापाचं कारण डेंग्यू नाही ना हे बघितल्याशिवाय पण नाही. परत परत येत असेल तर पोटॅशियम आयोडाइड, कोल्चिसिन अशीही औषधं आहेत, पण आयोडाइडने थायरॉइड बिघडू शकतं आणि गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून ते डॉक्टरांचं काम.

गाठी तीन ते सहा आठवड्यात जातात, नव्या येत राहिल्या तर थोडं लांबतं, सांधेदुखी मात्र काही महिने रेंगाळू शकते. आराम हे सगळ्यात स्वस्त औषध आणि आपल्याकडे सगळ्यात महाग, कारण सुनेला तीन आठवडे पाय वर करून कोण बसू देतंय. त्यासाठी तरी डॉक्टरांनी चिठ्ठीवर "आराम" हा शब्द मोठ्या अक्षरात लिहावा, घरचे गोळीचं नाव वाचतात तसं तेही वाचतील.

संपादक साहेब, कडुनिंबाशी माझं काही भांडण नाही, पाडव्याला आम्ही पण खातो. माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, त्या ताईंसाठी दुरुस्ती छापा, की छातीचा फोटो आणि रक्त तपासून घ्या, शेक देऊ नका आणि चिठ्ठीशिवाय सूज उतरायची गोळी घेऊ नका. आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा नको, तो कुणी वाचत नाही. आणि पुढच्या वेळी उत्तरं छापायच्या आधी एखाद्या डॉक्टरच्या नजरेखालून जाऊ द्या.

आपली एक नियमित वाचक,
फार्मासिस्ट, बार्शी (जि. सोलापूर)

ता. क. मँटू टेस्ट सोमवारी किंवा मंगळवारी करून घ्या. ती ४८ ते ७२ तासांनी वाचायची असते, गुरुवारी करून घेतली तर वाचायचा दिवस शनिवार-रविवार येतो, ओपीडी बंद आणि टेस्ट वाया. आणि हातावरची लाली मोजत नाहीत, आतला कडक भाग मोजतात, त्यामुळे घरीच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, हात घेऊन स्वतः जावं लागतं.